घरगुती हिरवळीची खतमात्रा

घरगुती हिरवळीची खतमात्रा म्हणजे घराभोवतीच्या गवताच्या हिरवळीला (लॉनला) वर्षभरात आणि एका वेळी किती खत द्यावे, याचे आकडेमोडीने काढलेले प्रमाण होय. हे प्रमाण हिरवळीचे क्षेत्रफळ, गवताची जात, मातीची अवस्था आणि खतातील अन्नद्रव्यांची टक्केवारी या चार गोष्टींवरून ठरते. शेतीत प्रचलित असलेली ‘हिरवळीचे खत’ ही संज्ञा यापेक्षा वेगळी आहे. ताग, धैंचा यांसारखी पिके जमिनीत गाडून केलेल्या खताला ती लावतात. हिरवळीला घालायच्या खताशी तिचा संबंध नाही.

बागकामात खत बहुधा मुठीने किंवा अंदाजाने टाकले जाते. हिरवळीच्या बाबतीत हा अंदाज सहसा गरजेच्या वरच जातो, कारण लहान अंगणाला लागणारे रासायनिक खत वर्षाकाठी एक-दोन किलोंहून क्वचितच अधिक असते. प्रस्तुत लेखातील उदाहरणे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील, पवना नदीकाठच्या पिंपळे गुरव या उपनगरातील परिस्थिती धरून दिली आहेत. बंगल्यांची छोटी अंगणे, गृहसंकुलांच्या वाहनतळांवरील बागा आणि महापालिकेची उद्याने अशा तिन्ही प्रकारच्या हिरवळी या भागात आढळतात. राजमाता जिजाऊ उद्यान, म्हणजेच ‘डायनासोर उद्यान’, हे त्यांपैकी सर्वपरिचित होय.

अन्नद्रव्ये आणि एकके

खताच्या पिशवीवरील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची वजनी टक्केवारी दर्शवितात. १५:१५:१५ या खताच्या १०० किलोंत प्रत्येकी १५ किलो नत्र, स्फुरद व पालाश असते. युरियात ४६ टक्के नत्र असते व अन्य दोन्ही अन्नद्रव्ये नसतात. अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २०.५ टक्के नत्र व त्याबरोबर गंधक असते. यांतील स्फुरदाचा आकडा शुद्ध फॉस्फरसचा नसून फॉस्फरस पेंटॉक्साइडचा, आणि पालाशाचा आकडा पोटॅशियम ऑक्साइडचा असतो. परदेशी पुस्तकांतील शिफारशी कधी मूलद्रव्यांत, तर कधी ऑक्साइडांत दिलेल्या असतात. त्यामुळे तुलना करण्यापूर्वी ही बाब तपासावी लागते.

हिरवळीसाठी सर्वांत सोयीचे एकक ‘दर चौरस मीटरला इतके ग्रॅम नत्र’ हे आहे. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी हेक्टरी किलोंत असतात. त्या आकड्याला दहाने भागले की चौरस मीटरचे ग्रॅम मिळतात. अमेरिकी बागकामाच्या पुस्तकांत एका वेळची कमाल मात्रा म्हणून ‘हजार चौरस फुटांना एक पौंड नत्र’ हा संकेत वारंवार येतो. ही मात्रा चौरस मीटरला ४.९ ग्रॅम भरते. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरचा असल्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला हाच संकेत ‘गुंठ्याला अर्धा किलो नत्र’ असा लक्षात ठेवता येतो. येथे अर्धा किलो नत्र अभिप्रेत आहे, अर्धा किलो खत नव्हे. या दोहोंतील गल्लत हीच या हिशेबातील सर्वांत सामान्य चूक होय.

नत्राची वार्षिक गरज

हिरवळीचा हिशेब नत्रापासून सुरू होतो. पानांची वाढ व रंग मुख्यतः नत्रावर अवलंबून असतो आणि दर कापणीबरोबर तेच सर्वाधिक प्रमाणात बाहेर जाते. उष्ण हवामानातील गवतांपैकी हरळीच्या (बर्म्युडा) जातींना वर्षाला चौरस मीटरमागे साधारण १० ते २० ग्रॅम नत्र लागते. रोपवाटिकांत ‘कोरियन’ म्हणून विकले जाणारे झॉयसिया वर्गातील गवत सावकाश वाढते आणि त्याला याच्या निम्म्याच्या आसपास पुरते. खेळाच्या मैदानांवर गवत सतत तुडवले जात असल्याने तेथील मात्रा अधिक असते. ती घरच्या अंगणाला लागू करणे चुकीचे ठरते. झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत गवताची वाढच मंद असते, म्हणून तेवढ्या भागाची मात्रा निम्मी करतात. सावलीतील विरळ गवत जादा खताने दाट होत नाही, उलट लुसलुशीत होऊन बुरशीला बळी पडते.

घरगुती हरळीसाठी वर्षाला १२ ग्रॅम नत्र हे मध्यम प्रमाण मानता येईल. हेक्टरच्या भाषेत हे १२० किलो होतात. महाराष्ट्रात बागायती गव्हाला हेक्टरी एवढ्याच नत्राची शिफारस आहे. सुरू उसाची शिफारस २५० किलोंची आहे. मुठीने खत टाकलेले अंगण अनेकदा उसालाही मागे टाकते.

कापलेले गवत उचलून न नेता तेथेच पसरू दिले, तर ते कुजून वार्षिक गरजेचा सुमारे चौथा हिस्सा परत मिळतो. त्यासाठी मात्र कापणी वारंवार व्हावी लागते आणि एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग कापता कामा नये. अन्यथा कापलेल्या गवताचे ढीग साचून खालचे गवत पिवळे पडते. असे गवत जागीच ठेवल्यास १२ ग्रॅमची गरज ९ ग्रॅमवर येते.

माती आणि तिची तपासणी

पुणे परिसराची मूळ जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. नदीकाठी काळी, चिकण माती आणि उंचवट्यावर मुरूम असा तिचा सर्वसाधारण क्रम आढळतो. काळ्या मातीत पालाश बहुधा पुरेसे, सेंद्रिय कर्ब व नत्र कमी, आणि सामू ७.५ च्या वर असतो. चुनखडीचे प्रमाणही लक्षणीय असते. पण नव्या वस्तीतील अंगणाला मूळ जमिनीचे वर्णन लागू पडेलच असे नाही. बांधकामाच्या वेळी पाया खणताना निघालेला मुरूम, विटांचे तुकडे व सिमेंटचा राडारोडा यांची भर घालून त्यावर विकतच्या लाल मातीचा किंवा पोयट्याचा चार-सहा इंचांचा थर देण्याची पद्धत सर्रास आढळते. अशा मातीचा अंदाज शेजारच्या अंगणावरूनही बांधता येत नाही.

म्हणून माती तपासणीला पर्याय नाही. नमुना घेताना हिरवळीवर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी गवत बाजूला करून १० ते १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढतात, ती एकत्र मिसळतात आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकून देतात. अर्धा किलो माती उरेपर्यंत हीच कृती पुन्हा करावयाची असते. खत दिल्यानंतर निदान दोन महिने नमुना घेऊ नये. शासकीय मृदा चाचणी प्रयोगशाळा तसेच कृषी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा ही तपासणी करतात. अहवालात स्फुरद किंवा पालाश ‘कमी’ आल्यास शिफारशीत साधारण चौथा हिस्सा वाढ आणि ‘जास्त’ आल्यास तेवढीच घट करतात. नत्राच्या बाबतीत अहवालावर फार विसंबता येत नाही. मातीतील नायट्रेट पावसागणिक बदलत असल्याने हिरवळीचे नत्र गवताची जात व ऋतू पाहूनच ठरवतात.

अहवालातील सामूचा आकडा मात्र कोणत्याही परिस्थितीत पाहावा. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात; शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्राच्या कमतरतेत याउलट जुनी, खालची पाने आधी आणि सर्व भागांत सारखी पिवळी होतात. हा भेद न ओळखता पिवळेपणावर युरिया टाकत राहिल्यास गवत वाढते, पण पिवळेच राहते. लोहाची कमतरता असेल तर लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट या प्रमाणातील फवारणीचा उपयोग होतो. हे द्रावण फरशीवर पडल्यास तांबूस डाग पडतात.

एक सोडविलेले उदाहरण

पिंपळे गुरवमधील एका बंगल्यापुढे २४ फूट लांब व २० फूट रुंद जागा आहे असे समजू. तिच्या कडेने २ फूट रुंदीची फरसबंद वाट पूर्ण लांबीभर जाते आणि एका बाजूला ६ फूट व्यासाचा गोल फुलांचा वाफा आहे. एकूण क्षेत्र ४८० चौरस फूट. त्यातून वाटेचे ४८ आणि वाफ्याचे सुमारे २८ चौरस फूट वजा केले की ४०४ चौरस फूट हिरवळ उरते. १०.७६ ने भागल्यावर हे क्षेत्र ३७.५ चौरस मीटर येते. प्लॉटच्या कागदपत्रांवरील क्षेत्रफळ घेऊन हिशेब केल्यास घर, वाट व वाहनाची जागा यांच्या वाट्याचे खतही गवतावरच पडते. त्यामुळे मोजपट्टीने प्रत्यक्ष मोजणे आवश्यक ठरते.

गवत हरळीचे आहे, ऊन पुरेसे आहे आणि कापलेले गवत जागीच राहते. म्हणून वार्षिक गरज चौरस मीटरला ९ ग्रॅम नत्र. ती प्रत्येकी ३ ग्रॅमच्या तीन हप्त्यांत विभागली की एका हप्त्याचे नत्र ३७.५ × ३ = ११२.५ ग्रॅम होते. आता खताचे वजन काढण्याचे सूत्र असे:

खताचे वजन = लागणारे नत्र × १०० ÷ खतातील नत्राची टक्केवारी

या सूत्राने एका हप्त्याला युरिया २४५ ग्रॅम, अमोनियम सल्फेट सुमारे ५५० ग्रॅम किंवा १५:१५:१५ खत ७५० ग्रॅम लागते. तिन्हींत नत्र तेवढेच आहे.

मुठीच्या अंदाजाशी याची तुलना करता येते. एका मुठीत ४० ग्रॅम युरिया मावला आणि ती मूठ एक चौरस मीटरवर फेकली गेली, तर त्या जागेला १८ ग्रॅमहून अधिक नत्र मिळते. म्हणजे एकाच फेकीत सहा हप्त्यांचे, अर्थात दोन वर्षांचे नत्र पडते.

स्फुरद आणि पालाश

रुजलेल्या हिरवळीची स्फुरदाची गरज नत्राच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी आणि पालाशाची निम्म्यापेक्षा थोडी जास्त असते. वरील उदाहरणात तीनपैकी एक हप्ता १५:१५:१५ चा व दोन हप्ते युरियाचे दिले, तर वर्षाला चौरस मीटरमागे ९ ग्रॅम नत्र, ३ ग्रॅम स्फुरद आणि ३ ग्रॅम पालाश पडते. पालाश येथे थोडे कमी आहे. परंतु काळ्या मातीतील साठा ही उणीव सहसा भरून काढतो. भराव किंवा लाल मातीवरच्या हिरवळीत, अहवालात कमतरता दिसल्यास, पोटॅशची स्वतंत्र मात्रा द्यावी लागते. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते. चौरस मीटरला जादा ३ ग्रॅम पालाशासाठी या अंगणाला सुमारे १९० ग्रॅम पोटॅश पुरते.

बाजारात सहज मिळणारे १०:२६:२६ हे खत हिरवळीला नियमित देणे मात्र हिशेबात बसत नाही. त्यातून ११२.५ ग्रॅम नत्र मिळवायचे तर १,१२५ ग्रॅम खत टाकावे लागते आणि त्याबरोबर २९० ग्रॅमहून अधिक स्फुरद जाते. ही अडीच वर्षांची गरज एका हप्त्यात पडते. स्फुरदाचा खरा उपयोग नवी हिरवळ लावताना होतो. मुळ्या टोचून किंवा गवताचे कार्पेट अंथरून हिरवळ करताना स्फुरद आधी मातीत मिसळून द्यावे लागते. ते वरून टाकल्यास मातीत फारसे खोल उतरत नाही.

सेंद्रिय खते व पुनर्वापराचे पाणी

सेंद्रिय खतांनाही हेच सूत्र लागू पडते, पण त्यांतील नत्र एकदम उपलब्ध होत नाही. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये नत्र किमान ०.८ टक्के आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी किमान ०.४ टक्के असणे अपेक्षित आहे. ११२.५ ग्रॅम नत्रासाठी असे कंपोस्ट १४ किलो लागते. परंतु पहिल्या वर्षी त्यातील चौथा हिस्साच नत्र गवताला मिळेल असे धरल्यास ५६ किलो कंपोस्ट द्यावे लागेल. चौरस मीटरला हे दीड किलो, म्हणजे अडीच-तीन मिलिमीटरचा पातळ थर होय. एवढ्या कंपोस्टमधून २२५ ग्रॅम स्फुरदही येते, जे वर्षाच्या गरजेच्या दुप्पट आहे. म्हणून ज्या वर्षी कंपोस्टचा थर दिला, त्या वर्षी मिश्रखत टाळावे आणि उरलेले दोन हप्ते केवळ नत्राचे द्यावेत. भरावाच्या निकृष्ट मातीत कंपोस्टमुळे ओलावा धरून राहतो. हा लाभ रासायनिक खताच्या आकडेमोडीत दिसत नाही. न कुजलेले शेणखत हिरवळीवर टाकू नये. त्यातून येणारे तणांचे बी पुढे अनेक वर्षे उपटत बसावे लागते.

मोठ्या गृहसंकुलांत सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी बागेला दिले जाते. या पाण्यातील नत्र खताच्या हिशेबातून बहुधा सुटून जाते. पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र असेल आणि वर्षभरात चौरस मीटरला ८०० लिटर पाणी दिले गेले, तर ८ ग्रॅम नत्र पाण्यातूनच मिळते. अशा हिरवळीला ९ ग्रॅमपैकी केवळ १ ग्रॅम वरून द्यावयाचे उरते. केंद्राच्या नियमित चाचणी अहवालात नत्राचा आकडा असेल, तर हा हिशेब संकुलाच्या व्यवस्थापनाला सहज करता येतो.

वेळ आणि पाणी

पुण्याच्या हवामानात उन्हाळ्याच्या प्रारंभी मार्चमध्ये, पावसाळा स्थिरावल्यावर जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, आणि पाऊस ओसरताना सप्टेंबरअखेर असे तीन हप्ते सोयीचे ठरतात. डिसेंबर-जानेवारीत हरळीची वाढ मंदावते. त्या काळात दिलेले नत्र बरेचसे वाया जाते. जोरदार पावसाच्या आदल्या दिवशी खत टाकू नये. पाऊस आपोआप खत मुरवील हा समज हलक्या सरींपुरता खरा आहे. मुसळधार पावसात दाणे वाटेवरून थेट पावसाळी गटारात जातात.

युरिया पृष्ठभागावर तसाच राहिला, तर मातीतील यूरीएज विकरामुळे त्याचे विघटन होऊन अमोनिया वायू हवेत निघून जातो. सामू जास्त आणि हवा उष्ण असेल तर हा ऱ्हास वाढतो. तो टाळण्यासाठी खतानंतर लगेच निदान ६ मिलिमीटर पाणी द्यावे लागते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणून ३७.५ चौरस मीटरला २२५ लिटर पाणी लागते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केल्याने या बाबीला स्थानिक महत्त्व आहे. मार्चचा हप्ता पाणी येण्याच्या दिवशीच आणि टाकीत २२५ लिटरांची सोय असेल तरच द्यावा. पाणी नसेल तर हप्ता आठवडाभर लांबला तरी गवताचे काही बिघडत नाही. कोरड्या गवतावर पडून राहिलेला युरिया मात्र पाती जाळू शकतो.

मोजलेल्या खताचे दोन समान भाग करतात. पहिला भाग लांबीच्या दिशेने व दुसरा रुंदीच्या दिशेने फेकला की पट्टे उमटत नाहीत. पाव किलो युरिया ३७.५ चौरस मीटरवर सारखा पसरणे हाताला अवघड जाते. त्यासाठी तो दोन-तीन किलो कोरड्या वाळूत मिसळतात. गवत दवाने ओले असताना खत फेकल्यास दाणे पात्यांना चिकटतात. फरशीवर पडलेले दाणे पाण्याने धुऊन न टाकता झाडून पुन्हा गवतावर टाकावेत.

जादा मात्रेचे परिणाम

खत हे क्षार असल्याने त्याचे प्रमाण वाढले की मातीतील द्रावण दाट होते आणि मुळांना पाणी ओढून घेणे कठीण जाते. ओलसर जमिनीवरही गवत करपलेले दिसते ते यामुळेच. असे झाल्यास दोन-तीन दिवस भरपूर पाणी देऊन क्षार खाली उतरवणे एवढाच उपाय उरतो. त्याहून सौम्य जादा मात्रेत गवत मरत नाही. ते झपाट्याने वाढते, कापणी दुप्पट करावी लागते, पाणी जास्त लागते आणि मुळे उथळ राहतात.

न शोषले गेलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अंगणातच कूपनलिका असलेल्या घरांसाठी ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. पृष्ठभागावरून वाहणारा भाग पवनेत जातो. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते आणि पुढे मुळा-मुठेतून हे पाणी भीमेत व उजनी जलाशयात पोहोचते. पवनेवर दरवर्षी फोफावणाऱ्या जलपर्णीला मुख्यतः सांडपाण्यातील नत्र व स्फुरद कारणीभूत आहेत. घरगुती हिरवळींचा वाटा त्यात लहान आहे. तरी गटाराला लागून असलेल्या हिरवळीच्या कडेने हातभर पट्टा बिनखताचा सोडण्याची पद्धत चांगली मानली जाते.

खताची उपलब्धता

भारतात युरियाची किंमत शासकीय अनुदानामुळे नियंत्रित असून तो शेतीसाठी अभिप्रेत आहे. २०१५ पासून देशांतर्गत उत्पादित युरियाला निंबोळी तेलाचे आवरण देणे बंधनकारक आहे; त्यामुळे त्यातील नत्र काहीसे सावकाश सुटते व बिगरशेती वापरालाही आळा बसतो. विक्रीकेंद्रांवर आधार क्रमांकाची नोंद घेऊन खत दिले जाते. २०१८ पासून युरियाचे पोते ५० ऐवजी ४५ किलोंचे झाले. वर सोडविलेल्या उदाहरणातील अंगणाला वर्षाला ४९० ग्रॅम युरिया लागतो, म्हणजे असे एक पोते त्याला नव्वद वर्षांहून अधिक पुरेल. घरगुती हिरवळीसाठी रोपवाटिकांत मिळणारी अर्धा ते एक किलोची पाकिटे घेणे म्हणूनच व्यवहार्य ठरते. पाकिटावर अन्नद्रव्यांचे तीन आकडे छापलेले नसतील, तर त्या खताची मात्रा काढता येत नाही.